भेडाघाटच्या नावेतून: दृश्य लक्षात कसे राहते

जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाटला नर्मदा धुआंधार धबधब्यावरून खाली कोसळते आणि संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळईत शिरते. सुमारे तीन किलोमीटरच्या या घळईत तिचा आवेग ओसरतो. पाणी खोल, हिरवट आणि जवळजवळ निश्चल होते. घळईच्या खालच्या टोकाला पंचवटी घाट आहे. तिथून वल्ह्यांच्या नावा प्रवाहाच्या उलट वर जातात, धबधब्याच्या अलीकडे वळतात आणि त्याच पाण्यावरून परत येतात. कडे जागचे हलत नाहीत आणि एका फेरीच्या वेळात उजेडही फारसा बदलत नाही. बदलते ती फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्याची जागा. तरीही जाताना पाहिलेली घळई आणि येताना पाहिलेली घळई या दोन वेगळ्या जागा वाटाव्यात इतका फरक पडतो. हालचाल आणि दृष्टिकोन यांच्यामुळे दृश्याची स्मृती कशी घडते, हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा सापडणे अवघड आहे. तिथला नावाडी हे सारे पुस्तकाशिवाय, रोजच्या कामातून हाताळत असतो.

पहिली गोष्ट डोळ्याच्या उंचीची. नावेत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून जेमतेम एक मीटरवर असतो आणि कडे काही ठिकाणी सुमारे 30 मीटर उंच आहेत. साठ मीटर अंतरावरून अशा कड्याचा माथा डोळ्याच्या पातळीपासून साधारण 26 अंश वर दिसतो. नाव पंधरा मीटरवर आली की तोच माथा साठ अंशांच्या पुढे जातो आणि मान मागे टाकल्याशिवाय दिसत नाही. कडा तेवढाच असतो, पण पाहणाऱ्याच्या अंगावर तो वाढत येतो. मानेला पडलेला ताण, डोक्यावरचे आकाश चिंचोळे होणे, वल्ह्याचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येणे, हे सगळे त्या दृश्याबरोबर स्मृतीत जाते. वरच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला हीच घळई दगडातली एक लांब भेग वाटते. दोघेही खरे तेच पाहतात. मात्र एकाच्या स्मृतीवरून दुसऱ्याचे दृश्य मनात उभे करणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरी गोष्ट हालचालीची. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात दृष्टीवरच्या आपल्या ग्रंथात दाट जंगलाचे उदाहरण दिले आहे. जंगलात स्थिर उभे राहिले की फांद्या आणि पाने एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात, कोणती जवळ आणि कोणती लांब ते कळत नाही. माणूस चालू लागला की लगेच सगळे सुटे होते, कारण जवळची वस्तू नजरेसमोरून भराभर सरकते आणि लांबची सावकाश. हिशोब साधा आहे. नाव सेकंदाला एक मीटर पुढे जात असेल, तर बाजूला दहा मीटरवर असलेला खडक दर सेकंदाला जवळपास सहा अंश मागे जातो आणि शंभर मीटरवरचा कडा अर्ध्या अंशाहून थोडासाच जास्त. माणसाच्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते आणि त्यातून मिळणारा खोलीचा अंदाज जवळच्या वस्तूंपुरताच चांगला चालतो. नाव मात्र त्याच डोळ्याला एका सेकंदात मीटरभर अंतरावरची दुसरी जागा देते.

भेडाघाटात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते भूलभुलैया म्हणतात त्या वळणावर. तिथे समोर एकाहून अधिक वाटा फुटल्यासारख्या दिसतात आणि त्यातली पुढे जाणारी कोणती हे कळत नाही. संगमरवराचे पांढरे पृष्ठभाग एकामागे एक उभे असतात आणि एकाचा रंग दुसऱ्यात मिसळतो. काठावरून काढलेल्या स्थिर छायाचित्रात ही सपाट भिंतच वाटते. नाव थोडी पुढे सरकली की पुढचा खडक मागच्यावरून हटतो, मध्ये पाण्याची पट्टी दिसू लागते आणि वाट उघडते. नव्या माणसाला हा चमत्कार वाटतो. नावाडी त्याच्या आधीच्या वळणावरच प्रवाशांना विचारून ठेवतो, की सांगा, आता कुठे जायचे. प्रश्न विचारण्याची त्याची जागा ठरलेली असते. थोडे आधी विचारले तर वाटांचा भास झालेला नसतो आणि थोडे उशिरा विचारले तर उत्तर दिसून गेलेले असते.

भेडाघाटच्या नावाड्यांचे यमक जुळवलेले हिंदी निवेदन प्रसिद्ध आहे. त्यात विनोद असतात, चित्रपटांची नावे असतात, नर्मदेचा जयजयकार असतो. पर्यटक त्याकडे करमणूक म्हणून पाहतात. पण त्या निवेदनाची खरी कारागिरी वेळेत आहे. खडकात हत्तीचा पाय दिसतो, कुठे प्राण्याचे तोंड, कुठे देवाची आकृती. या आकृती दगडात कोरलेल्या नाहीत. पाण्याने झिजलेल्या कडा, भेगा आणि वेगवेगळ्या खनिजांमुळे आलेले गुलाबी, निळसर, करडे पट्टे एका विशिष्ट जागेवरून एका रेषेत येतात, तेव्हाच त्या दिसतात. नाव थोडी पुढे गेली की पाय मोडतो आणि नुसता दगड उरतो. म्हणून वाक्य अशा बेताने सुरू करावे लागते की नाव आकृतीसमोर येताना त्यातला नेमका शब्द तोंडातून निघावा आणि तेवढा वेळ वल्हे थबकावे. बोलणे, वल्हवणे आणि दृश्य या तिघांचा मेळ घालणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. त्याला केवळ पोपटपंची म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दृश्य एका कोनातून पाठ झाले की दुसऱ्या कोनातून ते ओळखायला वेळ लागतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. दिवाडकर आणि मॅकनमारा या संशोधकांनी 1997 मध्ये काही वस्तूंची एक मांडणी लोकांना ठरावीक बाजूंनी पाठ करायला लावली आणि नंतर निरनिराळ्या कोनांतून तीच मांडणी ओळखायला सांगितली. पाठ केलेल्या दृश्यापासून कोन जितका दूर, तितका ओळखायला लागणारा वेळ जास्त. म्हणजे मनात त्या मांडणीचा कोणत्याही बाजूने सारखाच वापरता येईल असा नकाशा तयार झाला नव्हता. पाहिलेल्या बाजू तेवढ्या साठवल्या गेल्या होत्या. भेडाघाटात परतीच्या वाटेवर प्रवासी विचारतात, की आपण दुसऱ्या वाटेने आलो का. त्यांचा गोंधळ याच जातीचा आहे. जाताना त्यांना खडकांच्या प्रवाहाच्या दिशेकडच्या बाजू दिसलेल्या असतात आणि येताना धबधब्याकडच्या. खडक तेच, तोंडे वेगळी.

वल्हे ओढणाऱ्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी असते. प्रवाशांकडे तोंड करून वल्हे ओढणारा नावाडी जायच्या दिशेला पाठ करून बसतो. नाव वर जात असताना त्याला मागे पडलेली घळई दिसत असते, म्हणजे प्रवासी ज्या बाजू परतताना पाहणार त्या तो जातानाच पाहतो. शिवाय त्याला दिसणाऱ्या दृश्याचा प्रवाहही निराळा असतो. पुढे पाहणाऱ्याच्या नजरेत वस्तू मध्यभागी लहान दिसू लागते, मोठी होत जाते आणि कडेने निघून जाते. मागे पाहणाऱ्याच्या नजरेत ती कडेने, जवळून, एकदम मोठी शिरते आणि मग लहान होत मध्याकडे सरकते. डोळ्यासमोरच्या या सरकत्या दृश्याचे महत्त्व अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन याने 1950 च्या आपल्या पुस्तकात, वैमानिकांच्या अभ्यासातून मांडले. वैमानिकाला धावपट्टीकडे पाहताना याच प्रवाहावरून आपण कुठे चाललो ते कळते. पाठमोऱ्या नावाड्याला हा आधार नसतो. त्याला मागे जाणाऱ्या दोन खडकांची रेषा धरून नाव सरळ ठेवावी लागते आणि अधूनमधून मान वळवून खात्री करावी लागते. त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याच्याकडे दोन्ही दिशांची दृश्ये जमा होतात. ही साठवण त्याच्या बसण्याच्या पद्धतीतूनच होते.

प्रवाशाला हेच थोड्या प्रयत्नाने साधता येते. कॅनडातील संशोधक कॉर्नेल आणि हेथ यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा आणि बारा वर्षांच्या मुलांना विद्यापीठाच्या आवारातून फिरवून आणले आणि मग परतीची वाट दाखवायला सांगितली. जाताना अधूनमधून थांबून मागे वळून पाहायला ज्यांना सांगितले होते, त्यांना परतताना वाट जास्त चांगली सापडली. ही युक्ती जंगलात हिंडणाऱ्यांना आणि गुराख्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

नावेतली बैठकही स्मृतीची वाटणी करते. कडेच्या फळीवर आडवे बसलेल्या माणसाचे तोंड समोरच्या काठाकडे असते. नाव वर जाताना त्याला समजा डावा काठ दिसला, तर नाव वळून परतताना, तो जागचा हलला नसेल तर, त्याच्यासमोर उजवा काठ येतो. म्हणजे मान न वळवणारा प्रवासी दोन्ही काठ पाहतो खरे, पण प्रत्येक काठ एकाच दिशेने. नर्मदेच्या परिक्रमेची घडण नेमकी अशीच आहे. परिक्रमावासी नदी सतत उजव्या हाताला ठेवून चालतो. अमरकंटकहून निघाला तर दक्षिण काठाने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत आणि उत्तर काठाने पूर्वेकडे परत. मध्ये नदी ओलांडायची नाही, हा नेम. त्यामुळे दक्षिण काठ त्याच्या मनात वाहत्या पाण्याबरोबर साठतो आणि उत्तर काठ पाण्याच्या विरुद्ध. महाराष्ट्रातून दरवर्षी परिक्रमेला जाणारे अनेकजण भेडाघाटावरून जातात, पण नेमामुळे ते घळईतल्या नावेत बसत नाहीत. त्यांची संगमरवरी घळई काठावरून, चालत्या पायांनी पाहिलेली असते.

जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (1928–2018) यांच्या कामात चालण्याचा आणि दृश्यस्मृतीचा हा संबंध फार जवळून दिसतो. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेल्या वेगडांनी 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठाने चालायला सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने तो प्रवास वर्षानुवर्षे केला. वाटेत रेखाटने केली आणि पुढे कागदाचे तुकडे चिकटवून कोलाज चित्रे घडवली. कोलाजमध्ये एकच ठरावीक दृष्टिकोन सांभाळण्याची सक्ती नसते. काठ वरून, माणसे समोरून, पाणी आडवे, असे सगळे एका चौकटीत बसते. अनेक दिवस चाललेल्या माणसाच्या स्मृतीला हे माध्यम छायाचित्रापेक्षा जास्त जवळचे आहे, असे त्यांची चित्रे पाहिली की पटते.

येथे एक प्रश्न उरतो. कोन बदलला की ओळख अवघड होते, तर मग रोजच्या चालण्यात जग क्षणोक्षणी अनोळखी का होत नाही? सायमन्स आणि वांग यांच्या 1998 च्या प्रयोगाने याचे सुंदर उत्तर दिले. गोल टेबलावर पाच वस्तू मांडल्या होत्या. थोडा वेळ टेबल झाकून एक वस्तू हलवली आणि कोणती हलली ते विचारले. झाकलेल्या वेळात टेबल फिरवले, तर लोकांचा अंदाज बराच चुकला. पण टेबल जागेवर ठेवून माणूसच तेवढ्याच कोनातून चालत दुसऱ्या बाजूला गेला, तर उत्तरे चांगली आली. डोळ्याला दिसणारा बदल दोन्ही वेळा सारखाच होता. फरक एवढाच, की आपण किती सरकलो हे शरीराला माहीत असेल तर मन दृश्याचा हिशोब सरकत्या पावलांबरोबर जुळवत राहते. भेडाघाटच्याच टेकडीवर चौसष्ट योगिनी मंदिर आहे. दहाव्या शतकातील कलचुरी काळाच्या या गोलाकार ओवरीच्या मधल्या अंगणात गौरीशंकराचे देऊळ उभे आहे. ओवरीतून चालत जाताना देवळाची बाजू सतत बदलते, पण ते एकदाही अनोळखी वाटत नाही. तेच देऊळ चार दिशांनी काढलेल्या चार सुट्या छायाचित्रांत पाहिले, तर कोणते कुठून काढले हे लावताना वेळ जातो.

चित्रपट हा या बाबतीत फिरवलेल्या टेबलासारखा आहे. राधू कर्मकार यांनी दिग्दर्शित केलेल्या 'जिस देश में गंगा बहती है' या 1960 च्या चित्रपटातील एक गाणे भेडाघाटात चित्रित झाले आणि संगमरवरी कडे देशभर पोचले. चित्रपट कृष्णधवल होता. कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो आणि प्रेक्षक खुर्चीतच असतो. त्याच्या शरीराला सरकल्याची खबर नसते. म्हणून तो चित्रपट कितीही वेळा पाहिलेल्या माणसालाही प्रत्यक्ष घळईत आल्यावर कुठला खडक कुठे आहे ते सांगता येत नाही. खडकांचे चेहरे त्याला ओळखीचे वाटतात, मांडणी मात्र नवी असते.

स्मृती पाहिलेल्यात भरही घालते. हेलेन इंट्रॉब आणि रिचर्डसन यांनी 1989 मध्ये दाखवले, की छायाचित्र आठवून काढायला सांगितले तर लोक चौकटीबाहेरचा भागही पाहिल्यासारखा काढतात; कुंपण कापलेले असले तर पुढे वाढवतात. पुढे 2020 मध्ये बेनब्रिज आणि बेकर यांनी पुष्कळ मोठ्या संख्येने चित्रे वापरून दाखवले, की काही दृश्ये उलट आक्रसूनही आठवतात. जवळून पाहिलेले दृश्य पसरते आणि लांबून पाहिलेले आकुंचन पावते. हालचालीच्या बाबतीत फ्रेड आणि फिंके यांचा 1984 चा प्रयोग आहे. फिरणारी आकृती अचानक नाहीशी केली, तर ती प्रत्यक्षात थांबली त्याच्या थोडी पुढे असल्याचे लोकांना आठवते. मन हालचाल पुढे चालवत राहते. नाव वळणावर येते तेव्हा दिसत नसलेला पुढचा कडा मनात आधीच मांडला जातो, तो कदाचित यामुळेच. बंदरकूदनी या ठिकाणी दोन्ही काठ फार जवळ येतात. घरी परतलेल्या माणसाच्या सांगण्यात ती फट बहुधा प्रत्यक्षापेक्षा अरुंद झालेली असते. त्याला खोटे म्हणता येत नाही. जवळ येत गेलेल्या दोन भिंती त्याच्या मनात थांबलेल्याच नसतात.

चित्रे लक्षात ठेवण्याची माणसाची क्षमता मुळात प्रचंड आहे. लायोनेल स्टँडिंग याने 1973 मध्ये लोकांना दहा हजार चित्रे दाखवली आणि नंतर जोडीतले आधी पाहिलेले कोणते ते विचारले, तेव्हा सुमारे 83 टक्के उत्तरे बरोबर आली. हलती दृश्ये स्थिर दृश्यांपेक्षा जास्त काळ ओळखता येतात, हेही 2007 मधील एका अभ्यासात महिन्याभराच्या अंतराने तपासून दिसले. मेंदूत दृश्यांच्या मांडणीला विशेष प्रतिसाद देणारा एक भाग आहे. एपस्टाइन आणि कॅनविशर यांनी तो 1998 मध्ये नोंदवला. लंडनचे हजारो रस्ते पाठ करून परीक्षा देणाऱ्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे एलेनॉर मॅग्वायर हिने 2000 मध्ये दाखवले. वाटेची स्मृती ही कामातून घडणारी गोष्ट आहे, हे त्यातून ठसते.

आता बहुतेक नावांत मोबाइल हातात धरलेले प्रवासी असतात. लिंडा हेन्केल हिने 2014 मध्ये अमेरिकेतील एका संग्रहालयात असे पाहिले, की ज्या वस्तूंचे पूर्ण छायाचित्र काढले त्या लोकांना कमी आठवल्या आणि ज्या नुसत्या पाहिल्या त्या जास्त. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन छायाचित्र काढणाऱ्यांचे असे नुकसान झाले नाही. घळईतही सगळे चौकटीत घेण्याच्या खटपटीत खडक खडकापासून सुटतो तो क्षण निसटतो, आणि पडद्यावर उरते ती सपाट पांढरी भिंत.

चांदण्या रात्रीची नौकासफर भेडाघाटात फार वाखाणली जाते. शरद पौर्णिमेच्या सुमारास तिथे नर्मदा महोत्सवही भरतो. चंद्रप्रकाशात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम थांबवतात. गुलाबी, निळसर, पिवळट सगळे राखाडी होते. उरतात ते उजळ-काळोखाचे आकार आणि त्यांचे सरकणे. दिवसा रंगाने वेगळे ओळखू येणारे खडक रात्री केवळ नावेच्या हालचालीने सुटे होतात. म्हणून रात्री नाव थांबली की घळई मिटल्यासारखी होते आणि वल्हे चालू लागले की पुन्हा उघडते.

पावसाळ्यात नावा बंद असतात. धबधबा तेव्हा पुरात बुडून जातो आणि घळईतले पाणी चढते. पाऊस सरल्यावर फेऱ्या सुरू होतात तेव्हा पाण्याची पातळी, आणि तिच्याबरोबर प्रवाशाच्या डोळ्याची उंची, उन्हाळ्यातल्यापेक्षा वर असते. वर बरगीचे धरण असल्यामुळे सोडलेल्या पाण्यावरही ती बदलते. पातळी बदलली की आकृती दिसण्याच्या जागाही थोड्या सरकतात आणि नावाड्याला आपले शब्द त्याप्रमाणे मागेपुढे करावे लागतात.

भेडाघाटला येणारे अनेकजण धुआंधारच्या कठड्याशी उभे राहतात, रोपवेने नदीवरून एक चक्कर मारतात आणि परत फिरतात. रोपवेतून घळईचा एकूण आकार चांगला कळतो, पण वरून पाहिलेले कडे चपटे होतात आणि त्यांची उंची मनात राहत नाही. जाणाऱ्याने नावेत बसावे, जाताना प्रत्येक वळणानंतर एकदा मागे पाहावे, परतताना बाजू बदलून बसावे. वेळ कमी असेल तर रोपवे सोडावा, नाव सोडू नये.